शब्दविचार : 'टर्मिनेट'

पनवेलजवळील सुकापूर येथून एका भगिनींनीं आमच्याकडे पत्र पाठविलें असून त्यासोबत दुसऱ्या एका पत्राची नक्कल जोडली आहे. हें दुसरें पत्र त्यांच्या भाच्यास नोकरीच्या ठिकाणाहून इंग्रजींत आलेलें आहे. तुमची सेवा अमुक तारखेपासून 'टर्मिनेट' करण्यांत येत आहे, असें त्यांत म्हटलें आहे. घरांतील वडील मंडळींनीं त्याचा अर्थ 'बडतर्फ' असा केला. तो मुलीकडील मंडळींच्या कानीं गेला आणि बहुतेक ठरलेला विवाह अडून राहिला. शब्दाचा खरा अर्थ तेवढा सांगावा, एवढीच ह्या भगिनींची विनंती आहे.

शब्दाचें मूळ लॅटिन 'टर्मिनुस', म्हणजे शिवेचा दगड. प्राचीन रोमन लोक ह्या दगडास देव मानीत. २३ फेब्रुवारीच्या सणास दोन्ही शेतांचे धनी आपापल्या बाजूनें येऊन त्यास माळा घालीत. आमच्या गांवांच्या शिवेवरही शेंदूर लावलेले दगड असतात, तेव्हां ही कल्पना आपणांस परकी वाटूं नये. त्या दगडाशीं एकाचें शेत संपतें व दुसऱ्याचें सुरू होतें. त्यांत कोणाचा अपराध नसतो. पनवेलच्या रहिवाशांस तर हा शब्द रोजच्या ओळखीचा आहे. १९९८ पासून हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत येते, आणि तिचें दुसरें टोंक म्हणजे बोरीबंदरचें 'टर्मिनस'. १८८७ सालीं त्यास व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें, १९९६ त शिवछत्रपतींचें मिळालें. 'टर्मिनस' मात्र जेथल्या तेथें राहिलें!

परंतु नोकरीच्या पत्रांत शब्द इतका निरागस राहत नाहीं. 'डिसमिस' म्हणजे शिक्षा म्हणून काढणें, हीच बडतर्फी. 'रिट्रेंच' म्हणजे कपात. 'रिझाइन' म्हणजे आपण होऊन सोडणें. 'टर्मिनेट' हा मालकानें संबंध संपविण्याचे सर्व प्रकार पोटांत घेणारा शब्द आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं कपातीची व्याख्या घालण्यांत आली, तेव्हां मालकानें केलेली सेवेची 'टर्मिनेशन', मात्र शिस्तभंगाची शिक्षा म्हणून केलेली नव्हे, असें मुद्दाम नमूद करावें लागलें. एकट्या शब्दावरून दोष ठरत नाहीं, तसें निर्दोषत्वही ठरत नाहीं. पत्रांतील बाकीचा मजकूर पाहावा लागतो.

आमच्या मायबोलीची तरी दुसरी काय तऱ्हा आहे? बांगडी फुटली न म्हणतां 'वाढली' म्हणणारे आपण. दुकान बंद न करतां 'वाढविणारे' आपण. नोकरीवरून काढलेल्यास 'नारळ दिला' असें म्हणतों, आणि त्या नारळावरूनही त्या मनुष्याचा गुन्हा होता कीं नव्हता, हें कळत नाहींच. मग परभाषेंतील शब्दालाच सर्वांत कठोर अर्थ चिकटविण्याची घाई कां व्हावी?

असो. नकलेंत आरोपाचा किंवा चौकशीचा एकही शब्द नाहीं. कराराच्या कलमाप्रमाणें एका महिन्याचें वेतन देऊन सेवा संपविल्याचें लिहिलें आहे. ही बडतर्फी नव्हे. 'सेवासमाप्ती' असें तिचें भाषांतर करावें. मात्र कराराची मुदत आपोआप सरली, असेंही मुलीकडे सांगूं नये. मुदत सरते तिला 'एक्स्पायर' म्हणतात. येथें मालकानें आपण होऊन ती आधींच संपविली आहे. नोकरी गेली हें खरें आहे, व तें स्पष्ट सांगावें. भाच्यानें तेथून अनुभवाचा दाखला मागून घ्यावा आणि त्यांत वर्तणुकीचा उल्लेख असल्यास तो मूळ पत्रासह मुलीच्या वडिलांपुढें ठेवावा.

नक्कल परत पाठवीत आहों. वेतनाच्या वाक्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढली आहे.