मान त्याची, घाई आमची

गेल्या वर्षी पावसाळ्यात सकाळी सहा वाजता तुम्ही पेणला आमच्या घरावरून गेला असतात, तर आतल्या आवाजांवरून तुमचा असा समज झाला असता, की इथं कुणीतरी कपाट चोरून नेतंय आणि कपाटाचा त्याला सक्त विरोध आहे. तसं काही नव्हतं. मी आमच्या मोत्याला फिरायला नेण्याची तयारी करत होतो.

मोत्या हा जातिवंत कुत्रा नव्हे. गणपतीच्या एका कारखान्याबाहेर भिजत बसलेलं पिल्लू होतं, ते आमच्या हिनं पदराखाली घालून आणलं. नाव मोत्या असलं तरी रंग शाडूच्या मातीचा. स्वभावानं गरीब. पोस्टमनवरसुद्धा भुंकत नाही, फक्त त्याची चौकशी करतो. पण खुंटीवरून हार्नेस काढला, की हाच मोत्या खाटेखाली जाऊन भिंतीला असा चिकटायचा, की त्याला सोडवायला गवंडी बोलवावा.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांच्यासाठी सांगतो. हार्नेस म्हणजे छातीला आणि पाठीला वेढा घालणारा पट्टा. नुसत्या गळपट्ट्याला हिसका बसला, की सगळा ताण नरड्यावर येतो. हार्नेसमध्ये तो छातीवर विभागला जातो. म्हणजे वस्तू कुत्र्याच्या भल्याचीच. पण भल्याच्या वस्तूंचं एक असतं. ज्याचं भलं व्हायचं असतं त्याला कुणी विश्वासात घेत नाही. लहानपणी आमची आजी आम्हांला एरंडेल पाजायची तेही भल्यासाठीच. पण आम्हांला धरायला दोन काका लागायचे.

आता कुत्र्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष आहेत, आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिला पक्ष आमच्या शेजारच्या मास्तरांचा. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वर्ग अजून सुटलेला नाही. ते कुंपणापलीकडून म्हणाले, "अहो, तुम्ही त्याला विचारता कशाला? मालक कोण, तुम्ही का तो? धरायचा, घालायचा, विषय संपला. दोन दिवस ओरडेल, तिसऱ्या दिवशी सरळ."

मी धरला, घातला. विषय संपला नाही. तिसऱ्या दिवशी तो सरळ झाला नाही, फक्त खाटेखाली अधिक लवकर जायला लागला. आठव्या दिवशी मी खुंटीकडे नुसता बघितलं तरी जायचा. आणि एका संध्याकाळी मी बाजारातून आलो, नेहमीसारखा हात पुढे केला, तर दारात शेपूट हलवत उभा असलेला मोत्या दोन पावलं मागे सरला. हार्नेस खुंटीवरच होता. माझ्या हातात फक्त मेथीची जुडी होती. त्याला आता माझ्या हाताचीच भीती बसली होती.

मंडळी, साठी उलटल्यावर माणसाला बघून आनंदानं धावत येणारं असतं तरी कोण? बँकेतले सहकारी पांगले, मुलगा पुण्याला, ही टीव्हीसमोर. एक कुत्रा होता, तोही मी शिस्तीपायी घालवून बसलो होतो. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही.

दुसरा पक्ष रोह्याला राहतो. माझे मेहुणे. दसऱ्याला आम्ही रोह्याला जातो. दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, ती चुकवणं हिला मान्य नाही. भाच्याच्या गाडीतून आम्ही नागोठण्यावरून निघालो. मोत्या मागच्या सीटवर, हार्नेस घालून, एखाद्या आरोपीसारखा मान खाली घालून बसलेला. मेहुण्यांना त्याची दया आली.

"भावोजी, मुक्या जनावराला कशाला हा ताप? धर्मराजाबरोबर कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत गेला, त्याला काय पट्टा होता? दत्तगुरूंच्या फोटोत चार कुत्रे आहेत. एकाला तरी साखळी आहे?"

ह्या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो. आणि निरुत्तर झालेला माणूस नेहमी करतो तेच केलं, तडजोड. हार्नेस काढला नाही, पण दोन घरं सैल केला. म्हटलं, तेवढंच त्याला मोकळं वाटेल.

त्याला फारच मोकळं वाटलं. संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या कडेनं जात असताना कुठंतरी फटाका वाजला. मोत्या पुढे पळाला नाही, मागे सरला. कुत्रा मागे सरला, की सैल हार्नेस स्वेटरसारखा डोक्यावरून निघतो, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. माझ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला रिकामा हार्नेस, आणि मोत्या रस्त्याच्या मधोमध. समोरून एस.टी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. गाडी मोत्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खिडकीतून जे बोलला ते इथं छापण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता.

मेहुण्यांना मी त्या रात्री एवढंच म्हणालो, "धर्मराजाच्या वाटेत एस.टी. नव्हती."

तर हे दोन पक्ष. एक म्हणतो, दाबून घाला. दुसरा म्हणतो, घालूच नका. वरवर दोघं एकमेकांचे वैरी दिसतात, पण आतून सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही पाच मिनिटं खाली बसून कुत्र्याकडे बघायचं नाही. जबरदस्तीला वेळ लागत नाही आणि फुकटच्या दयेलाही लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हार्नेस न घालून घेणारा कुत्रा हट्टी नसतो. घाईत आपण असतो आणि हट्टी त्याला म्हणतो.

पेणला परतल्यावर मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मोत्याला हात लावण्याआधी हार्नेस हातात घेतला आणि मला विचारलं, "हा वाळवता का?"

मी गप्प. आमच्याकडच्या पावसात माणसांचे कपडे वाळत नाहीत, तिथं कुत्र्याच्या नायलॉनच्या पट्ट्याला कोण विचारतो! डॉक्टरांनी मोत्याचा पुढचा पाय हलकेच उचलून दाखवला. काखेत रुपयाएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. ओला पट्टा रोज त्यावर घासत होता. ज्याला मी महिनाभर नाटकं म्हणत होतो ते दुखणं होतं. त्याला सांगता येत नव्हतं आणि मला बघायचं सुचलं नव्हतं.

"आधी हे बरं होऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि डोक्यावरून घालायचा नको, गळ्याशी उघडणारा हार्नेस घ्या. वरून येणारा हात आणि डोक्यावरून उतरणारा फास पुष्कळ कुत्र्यांना सोसत नाही. तुमच्या डोक्यावरून कुणी रोज गोणपाट ओढलं तर?"

परत येताना मी त्याच कारखान्यात टेकलो. मोत्याचं ते माहेर. तिथले एक जुने कारागीर मूर्ती उन्हाकडे फिरवून ठेवत होते. मी माझी कहाणी सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "ओल्या मूर्तीवर रंग धरत नाही. घाई केली की पोपडा निघतो. सुकू द्यावी लागते." पुन्हा कामाला लागले. पेणचे गणपती देशोदेशी जातात. ते घाईनं झाले असते तर हमरापूरच्या पुढेही गेले नसते.

मग आम्ही सुकू दिलं. काखेतली जखम भरेपर्यंत हार्नेसचं नाव काढलं नाही. मोत्या कुंपणाच्या आत, परसातच फिरला. नंतर नवा हार्नेस आणला आणि तो खुंटीवर न टांगता मोत्याच्या थाळीशेजारी नुसता ठेवला. तीन दिवस काही नाही. मोत्यानं वास घेतला, ह्या वस्तूवर विश्वास टाकण्यासारखं काही नाही असा निष्कर्ष काढला आणि जेवला. चौथ्या दिवसापासून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा मी गळ्याच्या कड्यातून पलीकडे धरायला लागलो. (आमच्या घरात चिकन येतं ते फक्त मोत्यासाठी. त्याचा खरा डोळा पोह्याच्या पापडावर असतो, पण मीठ आणि पापडखार त्याला डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलंय.) आधी नाक आलं, मग अर्धं तोंड, मग कान. मी काही घालत नव्हतो. मी कडं धरून बसलो होतो, आत यायचं का नाही ते तो ठरवत होता. तो मागे सरला, की मीही हात मागे घ्यायचा, हा एकच नियम.

बकलाचा 'कट्' असा आवाज झाला, की तो दचकायचा. म्हणून बकल वेगळं वाजवलं. कट् आणि तुकडा. कट् आणि तुकडा. रशियातल्या पावलोवना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनसंस्थेच्या संशोधनाबद्दल, पण जग त्यांना ओळखतं ते कुत्र्याच्या लाळेमुळे. आमच्या माजघरात आठवडाभर त्यांचाच प्रयोग चालला होता. शेवटी शेवटी ही स्वयंपाकघरात डब्याचं झाकण लावायची, तरी मोत्या तोंड पुसून हजर.

मग दोन मिनिटं घालून लगेच काढायचा. मग घरातल्या घरात. मग दोरी लावून अंगणात. पट्ट्याखाली माझी दोन बोटं जातील एवढाच सैल, रोह्यासारखा उदारपणा नाही. ह्या सगळ्यात मी त्याच्याकडे बघायला शिकलो. कुत्रा जांभई देतो तेव्हा दर वेळी त्याला झोपच आलेली असते असं नाही. खायला समोर काही नसताना तो ओठ चाटतो, मान वळवतो, कान मागे पाडतो, तेव्हा तो 'जरा थांबा' म्हणत असतो. आपण थांबत नाही, मग तो गुरगुरतो. आणि गुरगुरला, की आपण म्हणतो, "बघा, अचानक अंगावर आला!" अचानक काही नसतं. त्यानं चार अर्ज केलेले असतात, आपण एकही वाचलेला नसतो.

तीन आठवडे लागले. मास्तर म्हणाले, "लाडावून ठेवलात." म्हटलं, मास्तर, शेतकरी खोंडाला पहिल्याच दिवशी चिखलात नांगराला जुंपतो का? जुन्या बैलाशेजारी उभा करतो, मोकळं जू मानेवर ठेवून फिरवतो, मग काम देतो. त्याला कुणी लाड म्हणत नाही, अक्कल म्हणतात. आणि कुत्रा 'ऐकत नाही' म्हणून त्याला अंगणात कायमचा साखळीला बांधून ठेवणारी घरं मला आमच्याच आळीत दिसतात, तेव्हा मला त्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. त्यामागे नृत्यासाठी नावाजलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची राज्यसभेतली खटपट होती. त्या कायद्यात अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहेच, पण सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हाही गुन्हा आहे. म्हणजे 'पट्टा घालून घेत नाही म्हणून फिरवत नाही' ही सबब सरकारसुद्धा ऐकणार नाही. कुत्र्यानं का ऐकावी?

वेळ नाही म्हणणाऱ्यांचं तर मला नवल वाटतं. रोज पाच-दहा मिनिटं लागतात. खाटेखालून कुत्रा ओढून काढायला मला पंधरा लागत होती, आणि वर कंबरेला मलम.

खोटं कशाला सांगू, मोत्याला हार्नेस अजून आवडत नाही. मलाही टाय आवडत नव्हता, पण बँकेत बत्तीस वर्षं काढली. तो एक जांभई देतो, मी थांबतो, मग तो स्वतः मान पुढे करतो. त्या पुढे आलेल्या मानेचं मोल मला पेन्शनपेक्षा जास्त वाटतं. यंदा दसऱ्याला रोह्याला कुंडलिकेच्या काठानं आम्ही दोघं निवांत फिरलो. संध्याकाळी फटाके सुरू व्हायच्या आत घरी.

आता शेवटची हकिकत. गेल्या आठवड्यात मास्तरांच्या घरातून सकाळी सहा वाजता कपाट चोरीला जात असल्यासारखे आवाज यायला लागले. मी कुंपणाशी गेलो. मास्तरांच्या मानेचे मणके झिजलेत, डॉक्टरांनी मानेला पट्टा दिलाय. काकू पट्टा घेऊन पुढे, मास्तर मागे सरकत सरकत झोपाळ्यापर्यंत पोचलेले.

"अहो, तुमच्या भल्यासाठीच आहे!" काकू म्हणत होत्या.

"टोचतो तो! आणि असा अंगावर येऊन कसला घालतेस?" मास्तर गुरगुरले.

मला 'धरायचा, घालायचा, विषय संपला' हे वाक्य आठवलं, पण मी ते उच्चारलं नाही. काकूंना हळूच बाजूला बोलावलं आणि सांगितलं, "दोन-तीन दिवस पट्टा नुसता त्यांच्या बशीशेजारी ठेवा. पोह्याचा पापड भाजून द्या."

मास्तरांना पापड चालतो.