पर्स घेताना आधी हूक बघा



पर्स घेताना आपण काय काय बघतो? रंग साडीवर जातो का, कप्पे किती आहेत, चेन अडकते का, मोबाईल बाहेरच्या खणात बसतो का. दुकानदाराला दहा पर्स खाली काढायला लावतो, पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. पण ज्या दोन हुकांवर ती पर्स खांद्याला लटकणार असते, ते हूक उघडून बघणारी बाई मी क्वचितच पाहिली आहे. माझं मत असं, की पर्सचा हूक आणि तो ज्या पट्टीत अडकवलेला असतो ती पट्टी, या दोन गोष्टी आधी बघाव्यात. रंगाचं नंतर. यात टिकाऊपणाचा प्रश्न आहेच. पण आपल्यासाठी त्याहून मोठा प्रश्न अहिंसेचा आहे, आणि तो नेमका त्या दीड इंचाच्या पट्टीत लपलेला असतो.

गंमत म्हणजे एरवी कोल्हापूरच्या बायका या बाबतीत अजिबात भोळ्या नाहीत. गुजरीत पैंजण घ्यायला गेलं की आपण पेच तीनदा फिरवून बघतो. कडीचा जोड नीट झाळलेला आहे का, यावरून नख फिरवतो. जोड उघडा राहिला तर साडीचा धागा ओढला जाणार आणि एक दिवस पैंजण रस्त्यात गळून पडणार, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. आणि हुपरी तर आपल्या शेजारची. तिथे एक पैंजण किती घरांतून आणि किती हातांतून फिरून तयार होतं हे आपल्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी पाहिलंय. मग हीच नजर पर्सच्या दुकानात कुठे जाते? पर्सला लावलेल्या बहुतेक स्वस्त कड्या नुसती तार वाकवून केलेल्या असतात, जोड न झाळता तसाच सोडलेला. पर्स भरली की तो जोड हळूहळू फाकतो आणि पट्टा त्यातून निसटतो. आपण म्हणतो हूक तुटला. हूक बिचारा शाबूत असतो, कडी उघडलेली असते.

आता हुकाबद्दल. बाजारात जे चकचकीत सोनेरी हूक दिसतात ते बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, साच्यात ओतलेले आणि वरून मुलामा दिलेले. दिसायला पितळेसारखेच. फरक ओळखायला घरातला फ्रिजवरचा लोहचुंबक पर्समध्ये ठेवा. हूक चुंबकाला चिकटला तर लोखंड, म्हणजे आपल्या पावसाळ्यात गंजणार. चिकटला नाही तर पितळ किंवा जस्त, कधी चांगलं स्टीलही असतं, कारण भांड्यांचं चांगलं स्टील चुंबकाला सहसा धरत नाही. पितळ आणि जस्त यांतला फरक हातालाच कळतो. त्याच आकाराचा पितळी हूक तळहातावर जड लागतो. वापरून मुलामा उडाला की खालून पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्त. हा फरक नुसता किमतीचा नाही. पितळ ताण आला की आधी वाकतं, म्हणजे आपल्याला सूचना मिळते. ओतीव जस्त मात्र काल चांगलं दिसतं आणि आज कटकन तुटतं, बहुधा मानेशी, जिथे हूक गोल फिरतो तिथेच. म्हणून दुकानात हूक हातात धरून मान फिरवून बघा. डुगडुगत असेल तर ती पर्स परत फळीवर. खटका दहा वेळा दाबून सोडा. प्रत्येक वेळी तो पूर्ण मिटला पाहिजे, बोटाने ढकलायला लागता कामा नये. आतली स्प्रिंग पोलादाचीच असते, बाहेरचा हूक पितळेचा असला तरी ती गंजू शकते. जुलै-ऑगस्टात भिजलेली पर्स तशीच खुंटीला टांगली की पर्यूषण येईपर्यंत खटका रुसून बसलेला असतो.

हुकाची रुंदी आणि पट्ट्याची रुंदी जुळते का हेही बघा. अरुंद हुकात रुंद पट्टा कोंबला की तो कडेला गोळा होतो आणि तिथेच झिजतो. शिवण चौकोनी हवी आणि चौकोनात फुली मारलेली हवी. एकच आडवी शिवण असेल तर ओझं सगळं त्या एका ओळीवर येतं.

एवढं झालं धातूचं. माझा खरा आग्रह पट्टीचा आहे.

कोल्हापूर म्हटलं की जगाला आधी चप्पल आठवते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच घाटाच्या सँडल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा सगळं गाव चिडलं आणि ते योग्यच होतं. त्या हातांचं कसब मोठं आहे, कारागिराला श्रेय आणि दाम मिळालंच पाहिजे. पण चामडं आपण वापरत नाही, हा आपला निर्णय, आणि चामड्याच्या गावात राहून तो पाळायचा तर डोळे जास्त उघडे ठेवावे लागतात. कारण इथे पर्स कापडाची असली, तरी कडी अडकवलेली इवलीशी पट्टी चामड्याची असू शकते. छान हातमागाची, फुलाफुलांची, वर 'कॉटन' असं लिहिलेली पर्स, आणि कोपऱ्यात दोन तपकिरी तुकडे. बस्तीत जाताना आपण चपला बाहेर काढतो, यजमानांना पट्टा काढून ठेवायला सांगतो, आणि खांद्यावर ही पर्स घेऊन थेट गाभाऱ्यासमोर उभ्या राहतो.

ओळखायचं कसं? पट्टीची कापलेली कड आणि मागची बाजू बघा. मागे कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. वीण नसेल, केसाळ, लवदार तंतू दिसले तर चामडं. कडेला रंग लावून ती बंद केलेली असेल तर संशय घ्या. आणि 'आर्टिफिशियल आहे हो ताई' यावर थांबू नका, कारण चामड्याचाच पातळ थर घेऊन त्यावर प्लॅस्टिकचा लेप देतात, तोही रेक्झिनसारखाच दिसतो. चिठ्ठीवर 'स्प्लिट लेदर' किंवा 'बॉन्डेड लेदर' असं लिहिलं असेल तर ते चामडंच आहे. काहीच कळत नसेल तर ती पर्स घेऊ नये, एवढं सोपं आहे.

यावर मंडळात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, एवढ्याशा तुकड्याने काय होतं, भाव महत्त्वाचा. दुसरी, जनावर काही चामड्यासाठी मारत नाहीत, ते उरलेलं असतं. पहिल्या मुद्द्याबद्दल मी एवढंच म्हणेन, की स्वाध्यायात आपण कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द पाठ करतो. स्वतः केलं, करवलं, केलेल्याला संमती दिली. त्यात मापाची सूट कुठे दिलेली नाही. नकळत आलं ते वेगळं. पण कळल्यावर भावाचं नाव पुढे करणं म्हणजे सोयीचं पांघरूण झालं. दुसऱ्या मुद्द्यातला हिशेब मला पटत नाही. जे विकलं जातं ते उरलेलं नसतं. कातड्याला पैसे मिळतात, आणि ते पैसे त्या जनावराच्या किमतीतच धरलेले असतात.

मात्र रेक्झिनला 'व्हीगन लेदर' असं गोंडस नाव देऊन तीन हजारांना विकतात, त्याचीही मी भलामण करणार नाही. ते प्लॅस्टिक आहे. आपल्याकडच्या दमट हवेत त्याचा वरचा थर दोन-तीन वर्षांत पोपडे धरतो, आणि टाकल्यावर मातीत तसाच पडून राहतो. तिथे काय जीवहिंसा होत नाही? सुती कापडाचं इचलकरंजी आपल्या उशाशी आहे. चांगलं जाड कॅनव्हास घ्या, पट्ट्याला नवार घ्या. आजीच्या नवारीच्या पलंगावर चार माणसं बसायची, तिला एका पर्सचं काय ओझं! कडी अडकवायची पट्टीही त्याच नवारीची शिवून मिळते.

दुरुस्तीला देताना मात्र तोंडाने सांगायला विसरू नका. रस्त्याकडेला बसून बॅगा, चपला नीट करणारे दादा चांगलं, पक्कं काम करतात, पण त्यांच्या पेटीत हाताशी असतो तो चामड्याचाच तुकडा. कडी निखळलेली पर्स दिली की ते विश्वासाने, मजबूत व्हावं म्हणून तोच लावतात. घरून नवारीचा तुकडा नेला की प्रश्न मिटतो. मी सांगते तेव्हा कुणी वाईट वाटून घेतल्याचं मला आठवत नाही. उलट 'जैनांच्या घरचं काय?' असं हसून विचारतात.

एक विनोद मात्र सांगायलाच हवा. एवढी काळजी घेऊन हूक मागायला टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात जावं, तर त्यांची नावं काय? डॉग हूक. लॉब्स्टर क्लिप. ओळखपत्राची क्रोकोडाइल क्लिप, केसांना बटरफ्लाय. आपली अहिंसक पर्स आणि तिला कुत्रा, शेवंडा, मगर लटकलेले! नावाने काही पाप लागत नाही म्हणा, पण मी आपली 'फिरता हूक द्या' असंच म्हणते.

लटकनांचं तेवढं हसण्यावारी नेऊ नका. पर्सला अडकवायचे ते मऊ गोंडे सशाच्या खऱ्या केसांचे असू शकतात. केस बाजूला सारून मुळाशी बघा. खाली कापडाची जाळी असेल तर कृत्रिम, कातडी दिसली तर खरे. शिंगाची बटणं, शिंपल्याचे तुकडे, रेशमी गोंडे, हे सगळं त्याच नजरेतून बघावं. रेशमाबद्दल आपल्यातच एकमत नाही, पूजेला रेशमी साडी नेसणाऱ्या आहेत आणि वर्षानुवर्षं रेशीम सोडलेल्याही आहेत. त्यात मी पडत नाही. सशाच्या गोंड्यात मात्र पडते.

आता एक मत असं, जे बऱ्याच जणींना उलटं वाटेल. हूक जितका मजबूत तितका चांगला, हे सगळीकडे खरं नाही. गाडीवर मागे बसून आडवा पट्टा गळ्यातून घातला असेल आणि कुणी पर्सला हिसका दिला, किंवा पट्टा चाकात गेला, तर न तुटणारा हूक पर्स वाचवेल आणि बाईला रस्त्यावर ओढेल. गाडीवर पर्स डिकीत किंवा दोघांच्या मधे, पट्टा आत दुमडून. खांद्यावरचा हूक धरून ठेवणारा हवा आणि गळ्यातला सुटणारा हवा. मुलांच्या शाळेच्या ओळखपत्राच्या नाडीला मानेमागे प्लॅस्टिकची क्लिप असते, ओढली की ती उघडते. ती निघते म्हणून वैतागून तिथे गाठ मारणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. कृपा करून मारू नका. घसरगुंडीवर नाडी अडकली तर तीच क्लिप लेकराचा गळा सोडवते.

कुंभोजला बाहुबलीच्या डोंगरावर पायऱ्या चढताना किंवा श्रवणबेळगोळला विंध्यगिरीवर जाताना मला तर हूकवाली पर्स नकोच वाटते. चढताना पट्टा घसरतो, उतरताना पर्स पुढे येऊन पायरी दिसत नाही. तिथे नाडीचा बटवा बरा, कमरेला खोचलेला. जुन्या बायकांच्या चंचीला तरी कुठे हूक होता? लांब नाडी, दोन वेढे आणि गाठ. चांदीचा छल्ला किल्ल्यांसाठी, तो कमरेला. बस्. आणि महाराजांकडे बघितलं तर पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. अडकवायला काही लागतच नाही.

आपण संसारी बायका, आपल्याला लागतं. पण किती लागतं याला मर्यादा घालता येते. परिग्रहाचं परिमाण घेतलेल्या माझ्या ओळखीच्या एका काकूंची युक्ती मला फार आवडली. त्यांच्याकडे कापडी पिशव्या तीन, पण पट्टा एकच, दोन्ही टोकांना पितळी फिरते हूक. बस्तीला जायच्या पांढऱ्या पिशवीला तोच, बाजाराच्या पिशवीला तोच, लग्नातल्या जरीच्या पिशवीला तोच. पिशवी फाटते, धुऊन विटते, बदलते. हूक तेच. पितळी हूक महाग पडतो हे खरं, पण तीन पर्सना तीन पट्टे आणि सहा जस्ताचे हूक घेण्यापेक्षा स्वस्तच. शिवाय पट्टा काढता येतो, म्हणून पिशवी बिनधास्त धुता येते. पट्टा शिवून टाकलेली पर्स हुकासकट पाण्यात बुडते आणि स्प्रिंग गंजते.

ज्यांना बेन्टेक्सच्या दागिन्यांनी खाज सुटते त्यांनी हुकाचंही तेवढं बघावं. पांढऱ्या चकचकीत मुलाम्यात बहुधा निकेल असतं, आणि पट्टा लहान असला की वरची कडी उघड्या दंडाला घासत राहते. पट्टा लांब करून कडी खाली आणली, किंवा तिच्यावर कापडाची छोटी पट्टी शिवली, तरी भागतं.

पितळ काळं पडतं ही तक्रार येईलच. पट्टा पिशवीपासून सोडवा, नवारीला पाणी लागू न देता नुसत्या हुकाला चिंचेचा कोळ चोळा, धुऊन लगेच कोरडा करा आणि खटक्याच्या फटीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. आषाढ लागायच्या आत एकदा केलं की दिवाळीपर्यंत बघायला नको.