किल्ली ज्यांच्या हाती, त्यांना शिकू द्या

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील मुख्याध्यापक, शिक्षक, शालेय ग्रंथपाल, वाचनालयांचे कार्यकर्ते आणि पालक यांना जाहीर आवाहन

वऱ्हाडातील बंधू-भगिनींनो,



मी निवृत्त शालेय ग्रंथपाल आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक काम अगदी नेमानं केलं आणि ते चुकीचं होतं. वाचनाच्या तासाला मी पुस्तकांचा गठ्ठा वर्गात नेई आणि हजेरीपटाच्या क्रमानं वाटत जाई. पहिल्या क्रमांकाला वरचं पुस्तक, शेवटच्याला तळाचं. एकदा नववीतल्या एका मुलाच्या वाट्याला कुणाच्या तरी पत्रव्यवहाराचा जाडजूड खंड आला. तो हळूच म्हणाला, "सर, मले जंगलाचं पुस्तक भेटन काय?" मी म्हटलं, "आज आलं ते ने, पुढच्या वेळी बघू." आठवड्यानं त्यानं तो खंड न उघडता परत केला. माझ्या देवघेव नोंदवहीत मात्र दोन्ही रकाने व्यवस्थित भरलेले होते. त्याच कपाटात मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' होतं. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या त्या मुलाला ते द्यावं हे मला सुचलं नाही, कारण मी स्वतः ते वाचलेलं नव्हतं. वर्गीकरण आणि तालिकीकरण मी शिकलो होतो. समोर उभ्या असलेल्या मुलाशी पुस्तकाबद्दल काय बोलायचं, हे शिकायचं राहून गेलं होतं.

हे आवाहन त्या राहून गेलेल्या शिक्षणासाठी आहे. शाळांतल्या आणि गावच्या वाचनालयांतल्या ग्रंथपालांसाठी आपल्या दोन जिल्ह्यांत दरवर्षी कार्यशाळा व्हाव्यात, आणि त्या समाजानं उभ्या कराव्यात, एवढीच मागणी आहे.

पुस्तकं आहेत, मग अडतं कुठं?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांच्या अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे थोडी का होईना, पुस्तकं येतात. ती कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं.

कुलूप लावणारा माणूस वाईट नसतो, तो घाबरलेला असतो. ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं, म्हणून कुठं ग्रंथपाल अर्धवेळ असतो, तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एखाद्या शिक्षकाकडे शालेय पोषण आहार आणि ऑनलाइन माहितीच्या जोडीला ग्रंथालयाचाही प्रभार येतो. वर 'पुस्तक हरवलं तर भरपाई तुमच्याकडून' ही टांगती तलवार. अशा वेळी कुणीही कपाट बंदच ठेवील.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत याबाबत मोठं शहाणपण आहे. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवणं हे नियम रास्त मानतात. अट इतकीच की त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. महागडं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावी. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, पण त्यांमागचा विचार आपल्या गावच्या शाळेलाही लागू पडतो. पुस्तक हाताळलं की फाटणार, फिरलं की एखादं हरवणार. ग्रंथपालाला हे माहीत हवं आणि मुख्याध्यापकांनाही.

ही परंपरा आपलीच आहे

ग्रंथपालाला शिकवावं लागतं, हा विचार नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं. 1911 मध्ये बॉर्डन यांनी बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग उघडला. भारतातला तो पहिला वर्ग मानला जातो. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवणाऱ्या त्या संस्थानानं आधी पेटी सांभाळणारी माणसं तयार केली.

ग्रंथ जपण्याच्या धडपडीचं आपल्या अंगणातलं उदाहरण तर त्याहून कितीतरी जुनं आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून, विचारून त्यांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहून काढली, असं परंपरा सांगते. ज्या भूमीत एक ग्रंथ वाचवण्यासाठी माणसांनी एवढी धडपड केली, तिथं 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. त्याच जिल्ह्यातल्या शाळेचं कपाट बंद राहणं शोभत नाही.

कार्यशाळेत काय शिकायचं?

भाषणं, हारतुरे आणि दीपप्रज्वलनात दिवस घालवू नये. हातानं करून बघायच्या गोष्टी भरपूर आहेत.

पहिली गोष्ट प्रकट वाचन. मुलांसमोर पुस्तक वाचायचं तर ते आधी दोनदा स्वतःशी मोठ्यानं वाचलेलं असावं. चित्रांचं पुस्तक चेहऱ्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून धरावं. पान उलटण्याआधी थांबावं, मुलांना चित्रात काय दिसतं ते बोलू द्यावं. आणि गोष्ट संपल्यावर 'यातून काय बोध घ्याल?' हा प्रश्न टाळावा. सांगताना हे सोपं वाटतं. दहा सहकाऱ्यांसमोर एकदा वाचून पाहिलं की आपण कुठं घाई करतो ते कळतं.

दुसरी निवड. मार्चअखेरीस घाईनं आलेला गठ्ठा मुकाट्यानं घ्यावा लागू नये, म्हणून ग्रंथपालाकडे वर्षभर हव्या असलेल्या पुस्तकांची यादी तयार असावी. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं कोणत्या वयाला द्यायची, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजच्या मुलांना कसा भेटवायचा, यावर चर्चा व्हावी. बालभारतीनं 1971 मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा विनाशुल्क मिळतात. ज्या शाळेत पैसा नाही, तिथं निदान ही माहिती पोचावी.

तिसरी मांडणी. दीड-दोन हजार पुस्तकांच्या शाळेला दशांश वर्गीकरणाचे सगळे बारकावे लागत नाहीत. वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे कण्यावर रंगीत पट्ट्या लावल्या, रोज दहा पुस्तकं दोरीवर मुखपृष्ठ दिसेल अशी टांगली, तरी मुलं आपण होऊन येतात. त्याचबरोबर निर्लेखन शिकायला हवं. वाळवी लागलेली, कालबाह्य पुस्तकं रीतसर काढल्याशिवाय नव्यांना जागा होत नाही.

चौथी भाषा. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत अनेक मुलं घरून कोरकू बोलत येतात. कोरकूचं घराणंच मराठीहून वेगळं, मुंडा भाषांचं. या मुलांसाठी शब्दांशिवायची चित्रपुस्तकं हवीत. आजीनं कोरकूत सांगितलेली गोष्ट मुलांनी चित्रांत उतरवून शिवलेलं पुस्तकही त्याच कपाटात मानानं ठेवलं जावं. वऱ्हाडीचंही तसंच. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये आपल्या घरची बोली आहे, हे दहावी-बारावीच्या मुलांना सांगणारं कुणीतरी हवं.

पाचवी गोष्ट तरुणांची. गावोगावच्या वाचनालयांत पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली सकाळपासून बसलेली असतात. त्यांना आपण खुर्ची आणि पंखा दिला. खरी जाहिरात कुठल्या शासकीय संकेतस्थळावर पाहायची, मोबाइलवर आलेली खोटी जाहिरात कशी ओळखायची, परीक्षेपलीकडचं काय वाचायचं, हे सांगणारा ग्रंथपाल अजून द्यायचा आहे.

शिकवणारे मिळतील. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमातून ग्रंथालय-शिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालतो. गोव्यात 2005 पासून काम करणाऱ्या 'बुकवर्म'नं मुलांच्या ग्रंथालयाची जिवंत पद्धत घडवली आहे. घरच्या घरी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण मिळतं, दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, आणि उत्तम काम करणारे ग्रंथपाल आपल्यातच आहेत. त्यांना कुणी बोलायला बोलावलेलं नाही, एवढंच.

वर्षाला तीन दिवस

माझा प्रस्ताव साधा आहे. पहिली कार्यशाळा 12 ऑगस्टच्या, म्हणजे डॉ. रंगनाथन यांच्या नावानं साजऱ्या होणाऱ्या ग्रंथपाल दिनाच्या सुमारास अमरावतीत घ्यावी. दुसरी 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास अकोल्यात. तिसरी 23 फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला मूर्तिजापुरात. बाबा जन्मले अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात आणि वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. स्वतः निरक्षर राहून आयुष्यभर मुलांना शिकवा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं दोन्ही जिल्हे आधीच जोडून ठेवले आहेत. मेळघाटातल्या सहकाऱ्यांसाठी चौथा दिवस धारणीला किंवा परतवाड्याला ठेवावा, त्यांना एवढं खाली उतरायला लावू नये.

यासाठी प्रत्येकाकडे मागणं आहे.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांनो, हे तीन दिवस ग्रंथपालाचा कर्तव्यकाळ धरा. प्रवासखर्च द्या. परत आल्यावर त्याला आठवड्याला एक तास आणि उघडं कपाट द्या. प्रामाणिक देवघेवीत हरवलेल्या पुस्तकाची वसुली त्याच्या पगारातून करू नका.

वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनो, आपलं सभागृह त्या दिवसासाठी मोकळं ठेवा. आपल्या अल्प मानधनावरच्या ग्रंथपालालाही सोबत पाठवा.

प्राध्यापकांनो, लेखकांनो, चित्रकारांनो, एक दिवस मानधनाशिवाय या.

पालकांनो, शाळेच्या सभेत गुणपत्रिकेसोबत आणखी एक प्रश्न विचारा: या महिन्यात माझ्या लेकरानं घरी कोणतं पुस्तक आणलं?

आणि माझ्या ग्रंथपाल बंधू-भगिनींनो, अर्धवेळ असा, प्रभारी असा की पूर्णवेळ, येताना आपल्या कपाटातलं एक पुस्तक वाचून या. मुलांना आवडलेलं आणा, किंवा कुणीच न नेलेलं आणा. त्यावरच बोलायला सुरुवात करू.

सुरुवातीला फार काही लागत नाही. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात एक कोरी वही ठेवा, वर 'ग्रंथपाल कार्यशाळा' असं लिहा आणि पहिलं नाव स्वतःचं घाला. वीस नावं झाली की तारीख ठरवा. जंगलाचं पुस्तक मागणारा मुलगा आजही कुठल्या तरी वर्गात बसलेला आहे. त्याला ते मिळावं, यासाठी ही वही याच आठवड्यात उघडा.

आपला नम्र,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल