मालकाची सही

13 ऑगस्ट 2009 च्या संध्याकाळी फिलाडेल्फियाच्या मैदानावर ईगल्स आणि न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या संघांचा हंगामपूर्व सामना चालू होता. खेळ ऐन रंगात असताना प्रेक्षकांत एक बातमी पसरली आणि मैदानावरचे लक्ष उडाले. ईगल्सने मायकेल व्हिक याच्याशी करार केला होता. हा व्हिक अवघ्या तीन महिन्यांपूर्वी कारागृहातून बाहेर आला होता.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, धडका देत-घेत पुढे सरकण्याचा तो खेळ. त्यात क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू आणि हात दोन्ही असतो. व्हिक हा त्या जागेवरचा विलक्षण चपळ खेळाडू. 2001 मध्ये अटलांटा फाल्कन्सने त्याला त्या वर्षीच्या नवोदितांत सर्वांत आधी निवडले आणि 2004 च्या अखेरीस 10 वर्षांसाठी 13 कोटी डॉलरचा करार त्याच्यापुढे ठेवला. मात्र ज्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला, त्याच वर्षी त्याने व्हर्जिनिया राज्यातल्या सरी परगण्यात जमीन घेतली होती आणि तेथे कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा उभा राहिला होता. 2007 च्या एप्रिलमध्ये पोलिसांचा छापा पडला तेव्हा पन्नासच्या आसपास कुत्री सापडली. झुंजीत कमी पडणाऱ्या कुत्र्यांना फास लावून किंवा पाण्यात बुडवून मारले जाई. सहा ते आठ कुत्र्यांच्या अशा मृत्यूत आपलाही हात होता, हे व्हिकने न्यायालयापुढे मान्य केले. त्याला 23 महिन्यांची शिक्षा झाली. 2008 मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली.

फाल्कन्सचे मालक आर्थर ब्लँक यांची स्थिती येथे क्षणभर पाहण्याजोगी आहे. आपला काही संबंध नाही असे व्हिकने प्रथम लीगच्या आयुक्तांना आणि ब्लँक यांनाही सांगितले होते. ब्लँक यांनी ज्या वर्षांत त्याला कोट्यवधी डॉलर दिले, त्याच वर्षांत त्या झुंजीही चालू होत्या. मालकाला ठाऊक नव्हते. म्हणून तो दोषी ठरत नाही, पण त्याच्या पैशाला वाट कोठे फुटली हे बदलत नाही. पुढे जून 2009 मध्ये फाल्कन्सने व्हिकला मोकळे केले.

फिलाडेल्फियाच्या जेफ्री लुरी यांना मात्र सर्व काही ठाऊक होते, आणि त्यामुळेच त्यांची सही अधिक जड होती.

व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये 32 संघ आहेत. ग्रीन बे पॅकर्सचा अपवाद वगळता प्रत्येकाला एक मालक किंवा मालक कुटुंब आहे. रोजच्या खेळात मालक लक्ष घालत नाही, असे सांगण्याची पद्धत आहे. खेळाडू शोधणे, त्याची किंमत ठरवणे हे महाव्यवस्थापक आणि प्रशिक्षक पाहतात. सामान्य खेळाडूच्या बाबतीत ते खरेही असते. पण खेळाडू वादग्रस्त असला की कागद वरच्या मजल्यावर जातो. प्रशिक्षकाला पुढच्या रविवारचा सामना दिसतो. प्रायोजक, तिकीटधारक आणि शहराची नाराजी मालकाच्या दारी येते. शिवाय हमी दिलेल्या रकमेचा मोठा भाग मालकाने आधीच बाजूला काढून ठेवावा, असा लीगचा जुना नियम आहे. म्हणजे ‘निर्णय प्रशिक्षकाचा होता’ हे वाक्य अशा प्रसंगी कोणत्याही मालकाच्या तोंडी शोभत नाही. डॅलस काउबॉइजचे जेरी जोन्स तर मालक आणि महाव्यवस्थापक दोन्ही स्वतःच आहेत. तेथे बोट दाखवायला दुसरा माणूसच उरत नाही.

ईगल्समध्ये व्हिकसाठी आग्रह खालून आला. प्रशिक्षक अँडी रीड यांना तो हवा होता. रीड यांच्या दोन मुलांना 2007 मध्ये तुरुंगवास झाला होता, आणि माणसाला दुसरी संधी मिळावी ही त्यांची भावना केवळ खेळापुरती नव्हती. संघाचा तेव्हाचा क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब यानेही व्हिकसाठी शब्द टाकला. त्याच जागेवरच्या खेळाडूने असे करावे हे विरळाच. लुरी यांची पहिली प्रतिक्रिया मात्र नकाराची होती. ते स्वतः कुत्री पाळणारे गृहस्थ. अखेर ते व्हिकला भेटले, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर त्यांनी जे सांगितले ते खेळाच्या जगात क्वचितच ऐकू येते. व्हिकच्या मनात स्वतःविषयी घृणा दिसल्याशिवाय आपण संमती देणार नव्हतो, असे ते म्हणाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी निर्णयाला कसोटी लावून ठेवली. व्हिक चांगला खेळला आणि सज्जनपणे वागला, तरी तेवढ्याने हा निर्णय योग्य ठरणार नाही. प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध त्याच्या हातून समाजात काही बदल घडला, तरच तो योग्य म्हणता येईल, अशा आशयाचे ते बोलणे होते.

करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींची जबाबदारी मोजण्याची सवय ज्या घरांत आहे, तेथे या प्रश्नाचा रोख लगेच कळेल. कैद्याला काम देणे म्हणजे त्याच्या कृत्याला अनुमोदन देणे नव्हे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कोणीच दार उघडू नये, असे म्हणणे तर स्वतःच एक निर्दयता आहे. पण व्हिकला मिळत होते ते केवळ काम नव्हते. पहिल्या वर्षाचे 16 लाख डॉलर, अंगावर संघाची वस्त्रे आणि लाखो मुलांच्या डोळ्यांसमोरची जागा त्याला मिळत होती. गवंड्याला पुन्हा थापी हाती मिळणे आणि नायकाला पुन्हा सिंहासन मिळणे यांत फरक आहे, आणि तो फरक ज्याच्या सहीने मिटतो त्याने काहीतरी देणे लागते. लुरी यांनी ते देणे निदान आधी उच्चारले.

उच्चारलेले किती पाळले गेले? व्हिकने ह्यूमेन सोसायटी या प्राणिहितवादी संस्थेबरोबर शाळाशाळांतून मुलांपुढे भाषणे केली. 2011 मध्ये प्राण्यांच्या झुंजीला प्रेक्षक म्हणून हजर राहणेही गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाला पाठिंबा देण्यासाठी तो वॉशिंग्टनला गेला. हे सारे खरे पश्चात्तापाने झाले की प्रतिमा धुण्यासाठी, यावर अमेरिकेत आजही दुमत आहे, आणि दुसऱ्याच्या मनाचा तळ शोधण्यात फारसा अर्थ नाही. गोंधळ वाढवला तो यशाने. 2010 चा हंगाम व्हिकने असा गाजवला की ‘पुनरागमन करणारा सर्वोत्तम खेळाडू’ हा सन्मान त्याला मिळाला. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी लुरी यांना दूरध्वनीवरून दुसरी संधी दिल्याबद्दल धन्यवाद दिले. 2011 मध्ये 10 कोटी डॉलरचा नवा करार झाला. तो जिंकत राहिला नसता तर हा दूरध्वनी वाजला असता का, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणाला सुचला नाही.

त्या कुत्र्यांचे काय झाले, हे सांगितल्याविना ही हकिकत अपुरी राहील. झुंजीत वापरलेली कुत्री सुधारत नाहीत, त्यांना मारून टाकावे, असा सल्ला काही मोठ्या प्राणिहितवादी संस्थांनीच दिला होता; ह्यूमेन सोसायटीही त्यांत होती. न्यायालयाने तो मानला नाही. विधी शाखेच्या प्राध्यापिका रिबेका हस यांना त्यांच्या पालक नेमून प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा घेण्यात आली आणि 47 कुत्री वाचली. 22 युटा राज्यातल्या एका आश्रयस्थानात गेली, काही कॅलिफोर्नियात आणि इतरत्र. त्यांच्या देखभालीसाठी सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर व्हिककडून घेण्यात आले. त्यांतला जॉनी जस्टिस नावाचा कुत्रा पुढे ग्रंथालयात लहान मुलांजवळ बसू लागला. वाचताना अडखळणारी मुले त्याला मोठ्याने गोष्टी वाचून दाखवीत. दुसरी संधी या शब्दांचा अर्थ त्या प्रकरणात इतका निर्विवाद दुसरीकडे कोठेही दिसत नाही.

मालकांच्या हातातली ही सत्ता न केलेल्या करारांतही दिसते. कॉलिन केपर्निक याने 2016 मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. पुढच्या वर्षी तो मोकळा झाला आणि 32 पैकी एकाही संघाने त्याला घेतले नाही. मालकांनी संगनमत केल्याची त्याची तक्रार 2019 मध्ये समेटाने मिटली. प्राण्यांचा छळ केलेल्याला जागा मिळाली, निषेध करणाऱ्याला मिळाली नाही.

लुरी यांच्या कसोटीची किंमत कळते ती क्लीव्हलंड ब्राउन्सचे मालक जिमी आणि डी हॅस्लम यांच्या निर्णयाशेजारी ती ठेवल्यावर. मार्च 2022 मध्ये त्यांनी ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याला आणले. त्या वेळी मालिश करणाऱ्या 22 स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केलेले होते. वॉटसनने सर्व आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही, आणि बहुतेक दावे पुढे तडजोडीने मिटले. तरीही ब्राउन्सने प्रकरण निकाली निघण्याची वाट पाहिली नाही. 5 वर्षांचे 23 कोटी डॉलर, सारे हमीचे, असा तोवर न ऐकलेला करार त्यांनी केला. पहिल्या वर्षाचे मूळ वेतन मात्र 10 लाख 35 हजार डॉलर एवढेच ठेवले, जेणेकरून बंदी आली तरी त्याचे फारसे नुकसान होऊ नये. लीगची बंदी आली, ती 11 सामन्यांची, आणि 50 लाख डॉलरचा दंडही. वेतनाची ती रचना ज्याने आखली आणि ज्याने मान्य केली, त्याला पुढे काय येणार याची कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही.

वॉटसन खेळला थोडा, दुखापतींत राहिला जास्त. मार्च 2025 मध्ये जिमी हॅस्लम यांनी चूक जाहीरपणे कबूल केली. निर्णय सर्व संस्थेचा असला तरी शेवटी तो आपला आणि पत्नीचा होता, तेव्हा जाब आम्हालाच विचारा, असेही ते म्हणाले. मालकाने इतके सरळ बोलावे हे स्तुत्यच. मात्र ती कबुली होती हवा तसा क्वार्टरबॅक न मिळाल्याची आणि त्याच्यापायी नवे खेळाडू निवडण्याचे हक्क घालवल्याची. वॉटसनने सामने जिंकून दिले असते तर ती करावी लागली नसती. मूळ करार 2026 च्या हंगामापर्यंतचा आहे, आणि रक्कम हमीची असल्याने ती द्यावीच लागते.