कंसातले वजा वीस

अकरावीला विज्ञान घेतलेल्या मुलांकडून एक नियम हमखास घोकून घेतला जातो : फंक्शनच्या कंसाबाहेरचे सरळ, कंसातले उलटे. बाहेर 20 मिळवले की आलेख वर जातो, हे पटते. पण कंसात क्षमधून 20 वजा केले की तो डावीकडे न जाता उजवीकडे सरकतो. का? उत्तर सहसा मिळत नाही. मग गणितात पटण्यासारखे काही नसते, पाठ करायचे असते, असा समज मुलाच्या मनात घर करतो आणि तो फार महागात पडतो.

दौंडच्या मुलाला तरी हे कोडे पडू नये. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचा आलेख काढतात. पूर्वी पेन्सिलीने, आता संगणकावर. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशने : लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस, दौंड. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते, वेग वाढला की तिचा चढ वाढतो. आता समजा, पुण्याहून गाडी 20 मिनिटे उशिरा सुटली आणि पुढे नेहमीच्याच वेगाने धावली. रेघ तीच राहते, फक्त 20 मिनिटे उजवीकडे सरकते. साडेआठ वाजता ही गाडी कुठे असेल? एरवी आठ दहाला जिथे असते तिथे! फलाटावर पिशवी सांभाळत बसलेली आजीसुद्धा हा हिशेब मनातल्या मनात करते. कंसातले वजा 20 ते हेच. उलटे त्यात काही नाही. वजाबाकी घड्याळाच्या वेळेतून होते, गाडीच्या अंतरातून नव्हे.

शिरूरला रेल्वे नाही, तिथे एसटी. जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. म्हणजे 100 रुपयांच्या तिकिटावर सुमारे 15, तर 200 च्या तिकिटावर सुमारे 30 रुपये. भाड्याचा आलेख उभा ताणला गेला. त्याऐवजी सरसकट 10 रुपये वाढवले असते, तर तोच आलेख जसाच्या तसा वर उचलला गेला असता आणि जवळच्या गावाहून बाजाराला येणाऱ्या बाईने कंडक्टरशी भांडण काढले असते. तिचे भांडण गणिताला धरूनच झाले असते.

शिक्षकांनी नियम फळ्यावर लिहिण्याआधी एखादे वेळापत्रक वर्गात न्यावे. गाडी दुप्पट वेगाने धावली तर रेघेचे काय होईल, ते मुलांनाच काढू द्यावे. सुटल्यापासूनची मिनिटे मोजली की वेळ निम्मा लागतो, रेघ आडवी निम्मी आकसते. कंसात 2 ने गुणल्यावर आलेख अर्धा का होतो, हे मग कोणी सांगावे लागत नाही.