पैशाचे विष

शीर्षक वाचून 'दिवाळी अंकातही उपदेश!' असे पुटपुटत ज्यांनी पान उलटायला घेतले असेल, त्यांनी क्षणभर थांबावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत पैशाला विष म्हणण्याइतका मी अडाणी नाही. माझा पैसा निराळा. तो पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीतून, उंबऱ्याखालून, तुळशीवृंदावनाच्या ओल्या विटांतून बाहेर पडतो, असंख्य पायांच्या लाटेवर सावकाश चालतो आणि बोट लावताच वेटोळे करून जुन्या तांब्याच्या नाण्यासारखा पडून राहतो. आमच्या माजलगावकडे कोणी त्याला पैसा म्हणतात, कोणी वाणी म्हणतात. शेतीच्या पत्रकांत त्याचे 'मिलीपीड' झाले आहे. या मुक्या जिवावर 'विषारी' असा शिक्का बसला आहे आणि त्या शिक्क्यापायी शहाणीसुरती माणसे जे करतात, ते पाहून मला संताप येतो.

आषाढातली गोष्ट. सिंदफणेला पाणी आले होते, चार दिवस झड लागली होती. शेजारच्या घरातला सहा वर्षांचा नातू बूट घालून शाळेत गेला आणि दुपारी लंगडत परत आला. मोजा काढला तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट गडद तपकिरी, जवळजवळ काळे. मुलगा सांगत होता की थोडी आग होते, बाकी काही नाही. पण लहान मुलाचे ऐकतो कोण? आजीने हंबरडा फोडला, "गोम डसली माझ्या लेकराला! लई इखारी असती ती!" कोणी घोट्याच्या वर सुतळी करकचून बांधली. कोणी बोटांना चुना फासला. एका डॉक्टरांनी नुसते पाहूनच 'बोट सडू लागले आहे, बीडला हलवा' असा निकाल दिला. गाडीची शोधाशोध चालू असताना मी तो बूट उलटा करून फरशीवर आपटला. आतून चिरडलेला पैसा पडला. सुतळी सोडली, साबणाने पाय धुतला. पायाला सूज होती, ती सुतळीची. डाग मात्र धुऊन निघाला नाही. तो कातडीत मुरला होता आणि पुढे काही आठवड्यांत कातडी बदलत गेली तसा आपोआप उतरला.

माझा संताप सुरू होतो तो यानंतरच्या भागापासून. त्याच संध्याकाळी मुलाच्या आजोबांनी बाजारातून कपाशीवरच्या औषधाची बाटली आणली. दुकानदाराने भरवसा दिला होता, "अण्णा, हे मारा, एक वाणी दिसायचा न्हाई. लई बेकार इख असतंय त्याचं." मग मोरीत, ओसरीच्या कोपऱ्यांत, पाण्याच्या रांजणाच्या बुडाशी, जिथे तो मुलगा दिवसभर अनवाणी खेळतो त्या फरशीवर, ते 'औषध' उघड्या हाताने शिंपडण्यात आले. ज्याच्या बाटलीवर कवटी छापलेली असते ते आमचे औषध, आणि ज्याने कोणाला कधी दंश केला नाही ते आमचे इख!

दंश केला नाही, कारण दंश करण्याचे साधनच त्याच्याजवळ नाही. येथे आजीबाईंची चूक समजून घेतली पाहिजे, कारण ती निम्म्या महाराष्ट्राची चूक आहे. त्यांनी गोम आणि पैसा एकाच माळेत ओवले. (सगळी गोम येथेच आहे, आणि ती अक्षरशः.) गोम शिकारी आहे. तिच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी. पहिल्या जोडीच्या नांग्या झालेल्या असतात, त्यांतून ती भक्ष्यात विष सोडते. ती चपळ, चपटी आणि तापट. पैशाच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, चाल मंद, आणि जेवण म्हणजे कुजलेला पाला. त्याला नांगी नाही, सुळा नाही. नावात हजार पाय असले तरी खरोखर हजारावर पाय असलेला पहिला पैसा शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला तो २०२१ साली, पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजासाठी पाडलेल्या खोल भोकातून. त्याचे १३०६ पाय मोजले गेले. एवढे पाय असूनही त्याला पळता येत नाही. ज्याला पळता येत नाही आणि चावता येत नाही, त्याने चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ या पृथ्वीवर तग कसा धरला असेल?

रसायनांनी. आपल्या अंगणात दिसणाऱ्या लांबट, गोल अंगाच्या पैशाच्या दोन्ही कुशींना, जवळजवळ प्रत्येक कड्यावर, एकेक बारीक छिद्र असते आणि त्याच्या आत पिशवीसारखी ग्रंथी. वाटेने निघालेला पैसा ती उगाच उघडत नाही; दाबला, चिरडला, चोचीत धरला तरच. मग पिवळसर द्राव पाझरतो आणि आयोडिनसारखा उग्र वास येतो. हा द्राव बेंझोक्विनोन नावाच्या रसायनांचा. बेंझोक्विनोन प्रथिनांना जाऊन चिकटते आणि तपकिरी रंग धरते. क्विनोनांनी चामडे कमावता येते ते याच गुणामुळे. तेव्हा त्या मुलाचे बोट सडले नव्हते. त्याच्या कातडीचा वरचा पापुद्रा किंचित कमावला गेला होता, इतकेच! परदेशांतही बुटात पैसा चिरडून काळी पडलेली बोटे पाहून डॉक्टर फसल्याच्या हकिकती वैद्यकीय मासिकांत छापून आल्या आहेत. आमच्याकडच्या डॉक्टरांना मी फार दोष देत नाही. सुतळी सोडायला हवी होती, एवढेच म्हणतो.

दुसरा वर्ग चपट्या पाठीच्या पैशांचा. त्यांचे नाव काढले की लोक दचकतात, कारण ते सायनाइड बनवतात. होय, तेच सायनाइड. पण बनवण्याची रीत पाहा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अशा एका पैशाच्या ग्रंथीची रचना उलगडून दाखवली. ग्रंथीला दोन खोल्या असतात. आतल्या मोठ्या खोलीत मँडेलोनायट्रिल नावाचा द्राव साठवलेला. बाहेरच्या छोट्या खोलीत तो फोडणारे विकर. मध्ये एक झडप. संकट आले की झडप उघडते, दोन्ही एकत्र येतात आणि तत्क्षणी हायड्रोजन सायनाइड व बेंझाल्डिहाइड तयार होतात. कडू बदामाचा वास येतो तो बेंझाल्डिहाइडचा. घरात दारूगोळा एका कोठडीत आणि काडेपेटी दुसऱ्या कोठडीत ठेवावी, तशी ही व्यवस्था. गृहिणींना ती नवी नाही: अख्खा कांदा डोळ्यांत पाणी आणत नाही, विळीवर चिरला की आणतो, कारण त्याच्याही पेशींत दोन द्रव्ये वेगळी ठेवलेली असतात आणि विळी त्यांची गाठ घालून देते.

शेतकऱ्यांना तर सायनाइडचे भय दाखवणे म्हणजे समुद्राला मिठाचे भय दाखवणे आहे. पावसाने ताण दिला असता कोवळ्या ज्वारीत जनावर शिरले तर ते तडफडून मरते, हे बीड जिल्ह्यातल्या कोणत्या गुराख्याला ठाऊक नाही? त्या कोवळ्या पानांतले विष हेच. तेथेही तीच युक्ती, एका जागी धुरिन नावाचे द्रव्य आणि दुसरीकडे ते फोडणारे विकर. जनावराने पान चावले की दोन्ही एक होतात. म्हणून आपण ज्वारी विषारी ठरवून पेरायची सोडली काय? भाकरी टाकली काय? गुरे बांधून ठेवली, पीक मोठे होऊ दिले, आणि कणसे घरात आणली. ज्वारीशी जो समंजसपणा दाखवतो, तो पैशाशी दाखवताना आपले हात का आखडतात?

माकडांना आपल्यापेक्षा अधिक कळते असे म्हणायची पाळी येते. व्हेनेझुएलातली कॅपुचिन माकडे, पावसाळ्यात डास माजले की, पैसा शोधून काढतात आणि अंगभर चोळतात. या द्रावातल्या क्विनोनांनी डास दूर राहतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. आयस्नर त्यातही होते. माणसांनी मात्र हा प्रयोग करू नये. डोळ्यांत गेला तर हा द्राव खरोखर इजा करतो.

आता जपानकडे पाहा. तिथल्या डोंगरी भागात सायनाइड बनवणाऱ्या पैशांची एक जात दर आठ वर्षांनी लाखोंच्या संख्येने बाहेर पडते. लोहमार्गावर त्यांचा एवढा खच पडतो की गाड्या थांबवाव्या लागल्या. तिकडे त्यांना आगगाडीचे पैसे अशाच अर्थाचे नाव पडले आहे. गाड्या थांबल्या त्या विषवायूने नव्हे. चिरडलेल्या अंगांनी रूळ निसरडे झाले आणि चाके जागच्या जागी फिरू लागली म्हणून.

इथवर वाचून काही निसर्गप्रेमी मंडळी माझ्या पाठीवर थाप मारायला पुढे येतील. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. शहरात बसून 'पैसा हा शेतकऱ्याचा मित्र' अशी पाटी लिहिणाऱ्यांनी जूनच्या अखेरीस एकदा माजलगावच्या काळ्या रानात उकिडवे बसून सोयाबीनची ओळ पाहावी. पैसा पाला खातो, त्याची माती करतो, हे खरेच. पण नुकते फुटलेले सोयाबीनचे मोड आणि कपाशीची कोवळी रोपेही तो कुरतडतो, ओळीच्या ओळी विरळ करतो, आणि दुबार पेरणीचा खर्च त्या पाटीवाल्याच्या खिशातून जात नाही. त्याला ओल हवी असते, कारण त्याच्या अंगातले पाणी चटकन उडून जाते. ती ओल आपणच आणली आहे. ऐंशीच्या दशकात सिंदफणेवर धरण झाले, कालवे आले, ऊस आला. बारमाही ओल आणि भरपूर पाचट. पाहुण्याला पाट मांडून द्यायचा आणि तो बसला म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार.

तर पैसा नुकसान करतो. मग त्याचा बंदोबस्त करा. त्याला मारू नका असे मी कोठेही म्हटलेले नाही. मी म्हणतो, तो कशाने करायचा ते डोक्याने ठरवा. दिवसा तो मातीत आणि ढेकळांखाली असतो. फवारा बसतो पानावर. आज वरचे मेले तर उद्या खालचे वर येतात. तुमचा पंप पाठीवर, नाक उघडे, पाय अनवाणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ते वाण्याच्या विषाने मेले नाहीत. वाण्याचे विष झडपेआड असते, डिवचल्यावर थेंबभर निघते आणि शत्रूने तोंड उघडले की त्याचे काम संपते. आमचे विष बाटलीतून निघाले की कोणाच्या पाण्यात, कोणाच्या फुप्फुसात जाईल याचा हिशेब विकणाराही ठेवत नाही आणि घेणाराही. दुकानदाराने अण्णांना भीती विकली, तिच्याबरोबर बाटली गेली. त्याने हातमोजे विकले असते तर मी त्याच्या दुकानावर तोरण बांधले असते.

उपाय जुनाच आहे आणि शेतीतज्ज्ञही तोच सांगतात. संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी ओल्या गवताचे लहान ढीग ठेवायचे. रात्री हिंडून दमलेले पैसे उजाडता उजाडता ओलाव्याला त्यांच्याखाली जमतात. सकाळी ढीग उचलून ते गोळा करायचे आणि मिठाच्या पाण्यात टाकायचे. बांध स्वच्छ ठेवायचे, पेरणीआधी पाचट आणि धसकटे गोळा करून खतात घालायची. घरात आलेला पैसा सुपलीवर घेऊन बाहेर टाकला की झाले. अंगावर द्राव लागला तर साबण आणि भरपूर पाणी. डाग राहिला तर राहू द्यावा, चुना-हळद लावून कातडी सोलू नये. डोळ्यांत गेला तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुऊन थेट नेत्रवैद्याकडे जावे. सुतळी कोठेच बांधू नये.

अण्णांशी माझे त्या संध्याकाळी चांगलेच वाजले होते. "गुरुजी, तुमचं पुस्तक शेतात चालत न्हाई," म्हणून ते आठ दिवस बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात सोयाबीन उगवताना मात्र त्यांच्या रानात गवताचे ढीग दिसले. विचारले तर म्हणाले, "बाटली म्हाग झाली." असेल. सकाळी नातू हातात पत्र्याचा डबा धरून मागे चालतो, काडीने एकेक पैसा उचलतो आणि मोठ्याने मोजतो. घरी आल्यावर आजी त्याचे हात दोनदा साबणाने धुऊन घेते. शाळेचा बूट तो आता तीन वेळा आपटल्याशिवाय पायात घालत नाही.