सूर कोणासाठी लावावा?



सुरत जिल्ह्यातील बारडोली हा उसाचा व साखरेचा मुलूख. ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातील कितीतरी कुटुंबे त्या बाजूस जातात. अशा ठिकाणी रविवारच्या मिस्साला मराठी, गुजराती आणि आदिवासी बोली बोलणारे कंठ एकत्र आले, तर भाषा भिन्न असली तरी सूर एकच असावा लागतो. हल्ली देवळातील जुन्या पेटीशेजारी विजेवर चालणारा डिजिटल पियानो येऊ लागला आहे. त्याचे स्वागत थाटाने होते. परंतु त्यानंतर मागच्या बाकांवरील वृद्ध माताभगिनी गाईनाशा झाल्या, तर त्या नव्या वाद्याचा लाभ तो काय?

परमगुरू दहावे पायस यांनी १९०३ साली, २२ नोव्हेंबर या संत सेसिलियाच्या सणादिवशी, दिलेल्या आज्ञापत्रात देवळात पियानो वाजविण्यास मनाई केली होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पाइप ऑर्गनचा मान राखून अन्य वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने प्रवेश दिला. अट एवढीच की, वाद्य पवित्र कार्यास योग्य असावे, देवळाच्या प्रतिष्ठेस शोभावे आणि त्यायोगे भाविकांची खरोखर उन्नती व्हावी. वाद्याची कसोटी अशी भाविकांच्या हितावर ठेवलेली आहे. त्याच कसोटीवर पियानोची मांडणी कशी करावी, ते पाहू.

प्रथम सूर. डिजिटल पियानोची मधल्या सप्तकातील पांढरी सहा बहुधा सेकंदाला ४४० आंदोलनांवर लावलेली असते. लंडन येथे १९३९ साली भरलेल्या परिषदेने हे माप सुचविले. जुनी पेटी मात्र या मापाला बांधलेली असेलच असे नाही. पेटीचे रीड घासून सूर लावणे हे कारागिराचे काम. पियानोचा सूर तर बटणाने हलतो. तेव्हा नव्यानेच जुन्याकडे चालत जावे, हे उचित. दोन्ही वाद्यांवर पांढरी सहा एकदम वाजवावी. पेटी ४४४ वर व पियानो ४४० वर असेल, तर सेकंदाला चार हेलकावे कानी येतील. पियानोचा सूर थोडा थोडा चढवीत जावे. हेलकावे मंदावत जाऊन थांबले की सूर जुळला.

दुसरी गोष्ट पट्टीची. गीत पांढरी पाचमध्ये लिहिलेले आहे, म्हणून सर्व गावाने तेथे चढलेच पाहिजे, असा काही धर्मनियम नाही. पट्टी बदलण्याच्या सोयीने ते तीन अर्धस्वर खाली, पांढरी तीनवर, आणता येते आणि वादकाची बोटे होती तेथेच राहतात. मात्र शेजारच्या पेटीवाल्यास हे आधी सांगावे. एरव्ही एका गीताच्या दोन वाटा होतील.

तिसरे पेडल. उजवे पेडल दाबले असता सूर रेंगाळत राहतो. गीताचे स्वरमेळ बदलतील तसतसा पाय उचलला नाही, तर सगळे सूर एकमेकांत मिसळतात आणि स्तोत्राचे शब्द बुडतात. शब्दच ऐकू न आले, तर प्रार्थना कशाची? पुष्कळ वाद्ये वीज सुरू होताना पेडलची स्थिती पारखून घेतात. म्हणून पेडल आधी जोडावे व बटण दाबताना त्यावर पाय ठेवू नये. पेडल उलटे चालू लागल्यास वाद्य बंद करून, पाय दूर ठेवून, पुन्हा सुरू करावे.

शेवटी कुलूप. काही वाद्यांत बटणे बंद करून ठेवण्याची सोय असते. ती लावली की पट्ट्या वाजतात; परंतु कोणाचा हात चुकून बटणावर पडला तरी मांडणी ढळत नाही. मिस्साच्या वेळी ही सोय मोठी उपकारक होय. काही वाद्ये बंद केल्यावर लावलेला सूर विसरतात; तो राखून ठेवण्याची रीत पुस्तिकेत पाहावी आणि सूर, पट्टी व कुलूप उघडण्याची युक्ती एका पुठ्ठ्यावर लिहून वाद्यापाशी ठेवावी. कारण कुलूप बटणांना असावे, माणसांना नव्हे. एकाच वादकाला सर्व ठाऊक आणि तरुण मुलामुलींना काहीच नाही, असे झाले तर तो आजारी पडेल त्या रविवारी सारे देऊळ मुके होईल.

बारडोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सारावाढीविरुद्ध जी एकजूट दाखविली, ती साऱ्या देशाने पाहिली. एकजुटीत बलवानाला आपले पाऊल दुबळ्याच्या पावलाशी जुळवावे लागते. देवळातील गायनाचेही तसेच आहे. सूर लावावयाचा तो वादकाच्या हौसेसाठी नव्हे, उत्तम गायकाच्या कंठासाठीही नव्हे; मागच्या बाकावरील थकलेल्या आजीसाठी लावावा. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर गायकवृंदाने तिच्यापाशी जावे आणि विचारावे, "आजी, गाणे तुम्हाला झेपले का?" ती जे सांगेल त्याप्रमाणे बटण फिरवावे, आणि मगच कुलूप लावावे.